तीन सूत

मावशीला फोनवर म्हटलं, नवी जमीन करतोय,
तर ती म्हणाली, अगं वा, किती गुंठे?
सोळा चौरस मीटर, म्हटलं. कीथलीतल्या घरातली
पुढची खोली. लॅमिनेट.
ती बराच वेळ अभिनंदनच करत राहिली.

गालिचा उपटला तेव्हा खालून निघाल्या
खिळ्यांच्या पट्ट्या, खेळण्यातलं एक पिवळं चाक,
आणि आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास,
जो सहा वर्षं आम्ही आमचाच समजत होतो.
गोटी सोडली तर घरंगळत खिडकीशी जाते.
शंभर वर्षांत घर तिकडे कललंय,
बाहेर बघून बघून.

खोके मंगळवारी आले. नऊ.
पत्रकात लिहिलेलं: अठ्ठेचाळीस तास उघडू नका,
आडवे ठेवा, खोलीची हवा लागू द्या.
आपल्याला कुणी दिले होते अठ्ठेचाळीस तास,
श्रीरंग म्हणाला. तो विमानतळावरून
बॅगेसकट ड्यूटीवर गेला होता.
मी काही बोलले नाही.
दोन रात्री आम्ही खोक्यांना वळसा घालून जेवलो,
पाहुणे निजलेत अशा आवाजात.

मग शनिवार. फळी तिरपी धरायची,
जीभ खाचेत, आणि अलगद खाली.
टक्.
बसलं तर टक्. नाही बसलं तर हातोडी,
नाहीच बसलं तर शिव्या, त्या मात्र राजापूरच्या.
पलीकडून मॉरीननं भिंत ठोकली.
मला वाटलं, झालं, आता भांडण.
ती दारात उभी, हातात गुडघ्याला बांधायच्या गाद्या.
आमच्या रॉयच्या, म्हणाली.
आधी त्याचे गुडघे गेले, मग तो गेला.
घाल, नाहीतर उद्या जिना चढवणार नाही.

सातव्या ओळीत मला ती गाठ दिसली.
डोळ्याएवढी, कडेनं कोयरीचं वळण.
तीच दुसऱ्या ओळीत होती. चौथीतही.
कुठल्यातरी एकाच झाडाची एकच फांदी
एकदाच तुटली असेल,
आमच्या बैठकीत ती नऊ वेळा तुटली.

नानांना व्हिडिओवर दाखवलं.
चाळीस वर्षं वखार चालवलेला माणूस,
डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायचा,
हा ऐन, हा किंजळ, हा फणस, आणि हा लबाडीचा.
त्यांनी चष्मा कपाळावर घेतला.
म्हणजे हा लाकडाचा फोटो.
हो.
आणि आत?
भुसा. दाबलेला.
भुसा आपण बंबात घालायचो, म्हणाले.
मग जरा थांबून: पैसे किती घेतले?

वाजव बघू.
मी फोन जमिनीशी धरला आणि बोटाच्या पेरानं वाजवलं.
पलीकडे काहीच नाही.
नेटवर्क गेलं होतं की नाना ऐकत होते, कळेना.
भिंतीपासून किती सोडलंस?
दहा मिलिमीटर.
तीन सूत, ते म्हणाले, मला नाही, स्वतःलाच,
आणि अंगठा तर्जनीपासून तेवढाच दूर धरला,
न मोजता.
बरोबर. फोटो असला तरी फुगेल.
अंग आहे ना त्याला.

शेवटची ओळ चार बोटांची निघाली,
उभी कापावी लागली, वाकडी कापली गेली.
फट आता पट्टीखाली आहे. कुणाला दिसत नाही.
रॉयच्या गाद्या परत द्यायच्या राहिल्यात,
मॉरीन मागत नाही,
मीही अजून जिन्याच्या कठड्यावरून काढल्या नाहीत.

फक्त दार लागत नाही. खालून घासतं.
दार उतरव, तास, सोपं आहे, श्रीरंग म्हणतो.
नाना म्हणाले, घाई करू नका,
आधी एक पावसाळा जाऊ दे,
मग काय ते कळेल.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही
की इथं तो कधी गेला
हे कुणालाच नीट सांगता येत नाही.